'व्हेरी'ची चिठ्ठी

मी 'व्हेरी' या इंग्रजी क्रियाविशेषणाची चिठ्ठी बोलतेय. शब्दकोशाच्या कचेरीत, खिडकीजवळच्या कपाटात, खालून दुसऱ्या खणात माझा मुक्काम. 'फार', 'अतिशय' म्हणून लोक हा शब्द मिठासारखा भुरभुरतात. त्याचं कूळ विचारायला सवड कुणाला?

एका मुलीला होती. ती आमच्या संपादकांची सख्खी भाची, तात्पुरत्या नोकरीवर आलेली. चार महिने तिनं जुनी पुस्तकं उपसली. इंग्रजीतून मागे जुन्या फ्रेंचपर्यंत गेली, तिथे 'वेराय' भेटला. तिथून लॅटिनच्या 'वेरुस'पाशी पोचली. दोन्हींचा अर्थ एकच, खरा. इंग्रजीतही हा शब्द आधी 'खरा' असाच होता, मग 'खरोखर' झाला, आणि वापरून वापरून नुसता 'फार' उरला. हे सगळं तिनं माझ्यावर बारीक अक्षरात मांडलं, तेव्हा मला माहेर सापडल्यासारखं वाटलं.

कचेरीची रीत अशी, की शोधणाऱ्यानं पेन्सिलीनं लिहायचं, खाली आपली आद्याक्षरं घालायची आणि दुसऱ्यानं तपासून ते शाईनं गिरवायचं. मी समितीपुढे गेले की तिची नोकरी कायम होणार होती.

"मामा, तुम्हीच तपासा," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला मन धजत नाही."

"ठेव इथे. काळजी करू नकोस."

मामांनी ओळ न् ओळ गिरवली, एक वेलांटी सोडली नाही. मग खोडरबर घेतलं, कोपऱ्यातली तिची अक्षरं पुसली आणि तिथे स्वतःची घातली. फुंकर मारून माझ्यावरचा चुरा उडवला. कुंपणानंच शेत खाल्लं. मला राग येतो तो माझाही. त्या शाईखाली मी निमूट पडून राहिले.

समितीनं मामांची पाठ थोपटली. मुलीच्या हाती निरोपाचं पत्र पडलं. जायच्या दिवशी तिनं मला खणातून काढलं आणि कोपरा पाहिला.

"अगं, घरातच राहिलं ना," मामा चष्मा पुसत म्हणाले.

"मागितलं असतंत तर मी दिलं असतं, मामा," ती म्हणाली, आणि मला जागेवर ठेवून निघून गेली.

आता कोश छापून झालाय, मला कुणी काढत नाही. कधी काढलंत, तर एवढं करा. वरचं सगळं बिनधास्त वाचा, ते खरं आहे. खालची दोन अक्षरं तेवढी मानू नका.