मराठी एक, इंग्रजी नऊ

त्या महिन्यात मी चनबसप्पा पेंटरवर जेवढा चिडलो, तेवढा छत्तीस वर्षांच्या मास्तरकीत एकाही पोरावर चिडलो नसेन. काम ते काय, तर अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, बासष्ट सालच्या फियाटला पुढची आणि मागची नंबर प्लेट रंगवून द्यायची. गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद झाली की तिला तिचा जुना नंबर ठेवता येतो, आणि अप्पा गेल्यावर त्यांचं म्हणावं असं माझ्याकडे ती गाडी आणि तो नंबर एवढंच उरलं होतं. अट एकच, फोटोतली प्लेट आणि आरसी बुक जुळलं पाहिजे. पुस्तकात नंबर होता चाळीस सोळा. चनबसप्पाने काळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात, बघत राहावं अशा वळणदार आकड्यांत, रंगवला चाळीस शहाण्णव.

माझा संताप दुप्पट व्हायचं कारण म्हणजे ती चूक मला दिसलीच नाही. मी प्लेट लावली, हौसेने फोटो काढले, अर्ज केला, आणि तो परत आल्यावर माझे डोळे उघडले. मग लक्षात आलं, चिठ्ठीवर मी आकडे मराठीत लिहिले असणार आणि या गृहस्थाने मराठी एकाला इंग्रजी नऊ केलं. चार आणि सहा मराठीत वाचायचे आणि मधला एक तेवढा इंग्रजीत, ही अक्कल आमच्या सोलापुरातच पिकते! दुसऱ्या वेळी मी चिठ्ठीवर आकडे लिहिलेच नाहीत. सरळ शब्दांत लिहून दिलं. आठ दिवसांनी प्लेट आली. चाळीस शहाण्णव.

प्लेट काखेत मारून मी अक्कलकोट रोडवरच्या त्याच्या दुकानात गेलो आणि भर बाजारात त्याचा उद्धार केला. भिंतीवरच्या खिळ्याला टोचलेल्या चिठ्ठ्या काढून त्यातल्या दोन त्याने माझ्यासमोर धरल्या.

"सर, तुमीच लिवलाय की. मी काय मनानं घालतोय व्हय?"

पहिल्या चिठ्ठीवर ४०९६ होतं. मराठी नऊ, ठसठशीत. दुसरीवर, 'चार, शून्य, नऊ, सहा'. अक्षर माझं होतं. शब्द लिहून झाल्यावर त्यावर एका दमात रेघ ओढायची माझी खोड, तीसुद्धा होती. लाज वाटली ती वाटलीच, पण स्वतःचाच भयंकर राग आला. जो माणूस पोरांना पाढे चुकले म्हणून बाकावर उभं करायचा, त्याला चार आकडे धड लिहिता येऊ नयेत?

तिसरी चिठ्ठी मी तिथेच लिहायला घेतली. एक लिहायचा म्हणून हात ठरवून उचलला आणि तो नऊकडे वळायला लागला. मी पेन खाली ठेवलं. "फोनवर सांगतो," म्हणालो आणि निघालो.

रस्ताभर ते डोक्यात वाजत होतं, 'चाळीस शहाण्णव, चाळीस शहाण्णव', लहानपणी घोकून घेतलं होतं त्याच चालीत. "गड्ड्याच्या जत्रेत हरवलास तर नाव सांगू नको, नावाची हजार पोरं असतात. गाडीचा नंबर सांग," असं बजावलेलं असायचं. आणि पाचव्या वर्षी मी खरंच हरवलो होतो. पोलिसाला नंबर सांगितला, त्याने तो इंग्रजी आकड्यांत कागदावर लिहून दिला, लाउडस्पीकरवर पुकारा झाला आणि अप्पा धावत आले. पुकारणारा नंबर एकदा आपला वाचायचा नि एकदा भलताच, हे अप्पा पुढे कित्येकदा हसून सांगत. आईची गोष्ट निराळी. सिदू हरवला तेव्हा डावखुरा होता आणि सापडला तो उजव्या हाताने जेवायला लागला, सिद्धरामेश्वरानेच त्याला वळण लावलं, असं ती आल्यागेल्याला कौतुकाने सांगायची.

घरी आलो. भिंतीवर अप्पांचा हार घातलेला फोटो आहे, त्याच्यासमोर मी बराच वेळ उभा राहिलो. नंबर पाठ करून घेताना मला मांडीवर बसवलेलं असायचं आणि प्रत्येक आकड्याला कानाशी मिशी टोचायची. अप्पांनी जन्मात कधी मिशी ठेवली नव्हती.

आई आतल्या खोलीत शेंगा फोडत बसली होती. अठ्ठ्याऐंशीची झाली, पण चटणीच्या शेंगा अजून तिलाच फोडायच्या असतात.

"आई, आपल्या गाडीचा नंबर काय गं?"

"चाळीस सोळा. त्यो मी इसरंन व्हय?"

"मग चाळीस शहाण्णव कुणाचा?"

तिचे हात थांबले. तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं, अगदी नीट, बाहेरच्या सोप्यात आलेल्या पाहुण्याकडे पाहावं तसं.

"साट वरसं झाली की," ती हळूच म्हणाली. "आता कशाला आटवलास, बाळा?"

मला ती सिदू म्हणते. नेहमी सिदूच म्हणते.

ती पुन्हा शेंगा फोडायला लागली. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मी सोप्यात आलो.

"सर, पत्रा तयार हाय," चनबसप्पा म्हणत होता. "बोला, कंचा नंबर घालू?"

मी तोंड उघडलं. आतून येणारा शेंगांचा आवाज थांबला होता.