नवव्यांदा उसवलेली टोपी

बाईंनी धागा ओढला आणि तीन दिवसांची टोपी सर्रकन उसवली. नवव्यांदा.

"गेली?" नवऱ्यानं पेपराआडून विचारलं.

"गेली नाही, मी घालवली."

"प्रदर्शनाला चारच दिवस राहिलेत. ग्रंथालयाला कळवून टाका बाई, आमचा आरंभशूर याही खेपेला पळाला म्हणून."

बाई उठल्या, पंखा बंद केला, पुन्हा लावला, खिडकीपर्यंत जाऊन परत आल्या. चौतीस वर्षं मुलांना शिकवून निवृत्त झाल्या तरी गल्लीत काय, घरात काय, त्या सगळ्यांच्या 'बाई'च. पण घरी बसल्यापासून एकही काम तडीस गेलं नव्हतं. रंग डब्यातच वाळले, बासरी कपाटावर चढली. टोमणा खरा होता, म्हणून तर झोंबायचा. या खेपेला त्यांनी ग्रंथालयाच्या प्रदर्शनात नाव दिलं होतं. वाचलेल्या पुस्तकातली एखादी वस्तू स्वतः करून मांडायची. हेही अर्धवट सुटलं, तर पुन्हा काही हातात घ्यायची हिंमत राहणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पुस्तक जुन्या तुरुंगांच्या इतिहासाचं. त्यात एक कैदी बाई होती. अकरा वर्षं कोठडीत. हाडाचा तुकडा फरशीवर घासून तिनं क्रोशाची सुई केली आणि फाटक्या कपड्यांचे धागे काढून टोपी विणली. तिचं नाव कुणी लिहूनही ठेवलं नव्हतं. ते पान वाचल्यापासून बाईंना चैन नव्हतं. आपल्याकडे दुकानातली सुई, चांगली लोकर, अख्खा दिवस मोकळा, आणि तरी ही रड!

टोपीवर दोन रंगांचे पट्टे शेंड्यापासून गरगरत खाली उतरत. पुस्तकातल्या चित्रात ते एका अंगाला वळलेले, बाईंच्या हातून बरोब्बर दुसऱ्या. टोपी उलटी करून पाहिली, तर पट्टे जुळले, पण टाक्यांची मागची बाजू वर आली. चित्रच उलटं छापलंय म्हणावं, तर त्यातल्या टोपीला बांधलेल्या चिठ्ठीवरचा आकडा सरळ वाचता येत होता.

दुपारी लेक आली. दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत ती रक्त तपासायची. सुट्टीच्या दिवशी डोकावून जायची. चप्पल काढता काढताच तिनं उघड्या पुस्तकात पाहिलं.

"आई, ही डावखुरी होती."

"कोण?"

"ही टोपीवाली. तू उजव्यानं विणतेस म्हणून तुझं असं फिरतं. तिचं असं." तिनं हवेत बोट फिरवून दाखवलं.

"कमाल आहे! महिनाभर डोकं फोडतेय मी, आणि तुला बरं एका नजरेत..." बाई मध्येच थांबल्या.

लेक जन्माची डावखुरी. तिला शाळेत घालायच्या आधी बाई कामावर जाताना तिचा डावा हात रिबिनीनं फ्रॉकच्या पट्ट्याला बांधत, उजव्या हातात पेन्सिल देत आणि शेजारच्या मावशींपाशी तिला गिरवायला बसवून जात. पोरीचं अक्षर मोत्यासारखं केलं, असं त्या अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

"डाव्यानं करून बघ," लेक म्हणाली आणि शेजारी बसली.

बाईंनी सुई डाव्या हातात धरली. बोटं लाकडाची झाली. धागा सुईत अडकेना, अडकला तर निसटे. सुई नकळत उजव्या हातात जाई. लेक ती काढून पुन्हा डाव्यात देई. पाऊण तासात सात टाके झाले, तेही वेडेवाकडे. बाईंचं कपाळ घामेजलं, डोळे भरून आले. या वयात असं रडू यावं, याचाच त्यांना जास्त राग आला.

"नाही जमत गं मला."

"जमेल. मला सहा महिने लागले होते."

लेकीच्या आवाजात खोच नव्हती. रक्ताचा अहवाल वाचून दाखवावा, तसं ती बोलली होती.

बाईंनी सुई मांडीवर ठेवली.

"रडायचीस का गं?"

"रोज. तू शाळेतून यायच्या आत तोंड धुऊन टाकायचे."

नवऱ्याच्या हातातला पेपर खाली आला होता. बाईंना बरंच काही म्हणायचं होतं. पदरानं त्यांनी आधी हात पुसला, मग डोळे. सुई परत डाव्या हातात घेतली आणि खुर्ची लेकीच्या जवळ ओढली.

"बस इथंच," त्या म्हणाल्या. "चुकले की सांग. ओरडलीस तरी चालेल."