उजवीकडचा खालचा कोपरा

आयुषची वेबसाइट देखणी होती, हे अंजलीला कबूल करावं लागलं आणि त्यानेच तिचं डोकं जास्त फिरलं. पांढरीशुभ्र पानं, ऐसपैस मोकळी जागा, वर त्याचं नाव आणि खाली ‘गावाकडची अक्षरं : माझा शोध’. शोध म्हणे. चोवीस फोटोंतल्या अकरा पाट्या तिच्या बापाने, आप्पांनी, रंगवलेल्या होत्या. देवळ्याचं सलून, कांद्याच्या खळ्यावरची पाटी, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. भिकन पेंटरच्या ‘क’ची शेपटी जरा वर उचललेली असते. ती तिने झोपेतसुद्धा ओळखली असती.

पाटी पुरी झाली की पेंटर सगळ्यात बारीक ब्रश घेतो आणि उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात आपलं नाव टाकतो. आयुषच्या फोटोंत नेमका तोच कोपरा नव्हता. अकराच्या अकरा फोटोंत.

नाशिकच्या कॉलेज रोडला ऑफिस असलेला हा डिझायनर फोनवर फार गोड बोलला. नावामुळे अक्षरांवरचं लक्ष उडतं, म्हणून फोटो कापावे लागतात, असं त्याने ताई ताई करत समजावलं. पानाच्या अगदी तळाला ‘अनामिक कलाकारांचे आभार’ अशी ओळ टाकायचीही तयारी दाखवली.

“अनामिक कसले?” अंजली म्हणाली. “नाव तुम्हीच कापलंत ना?”

त्याला लगेच मीटिंग आठवली.

अंजली सातपूरच्या एका शाळेत क्लार्क. शाळेची वेबसाइट दर महिन्याला बंद पडायची आणि हेडमास्तर ती तिच्या गळ्यात मारायचे. त्या खटपटीतूनच ती सगळं शिकली होती. आठवडाभर खपून तिने आप्पांसाठी वेबसाइट रचली : वर त्यांचा फोटो, मग परिचय, कामं, संपर्क. रविवारी लॅपटॉप घेऊन ती देवळ्याजवळच्या आपल्या गावी गेली.

आधी तिने आप्पांना आयुषची वेबसाइट दाखवली. त्यांनी एकेक पाटी सावकाश पाहिली.

“मन्हं नाव कोठे शे?”

तिने सांगितलं. ते भडकतील असं तिला वाटलं होतं. ते नखातला वाळका रंग खरवडत बसले. मग त्यांनी, वीस वर्षांत तिला एकदाही न सांगितलेली गोष्ट सांगितली. २००३ साली गावातल्या देवळाची पाटी त्यांनीच रंगवली होती. शेवटी बारीक ब्रश उचलला, तर कमिटीवाले म्हणाले, देवाच्या पाटीवर तुझं नाव नको. वणीच्या पेंटरचं नाव मात्र त्याच देवळाच्या कमानीवर होतं. आप्पांनी ब्रश धुतला आणि घरी आले.

“त्यास्नी तरी तोंडवर सांगं,” ते म्हणाले. कमिटीवाल्यांनी निदान समोर सांगितलं होतं, आयुषसारखं गुपचूप कापलं नव्हतं.

अंजलीने रचलेली वेबसाइट तिथल्या तिथे पुसून टाकली. आप्पांचा फोटो नको, परिचय नको. पुढचे दोन रविवार ती चुलतभाऊ बुद्धभूषणच्या मोटारसायकलवर फिरली आणि फक्त कोपऱ्यांचे फोटो काढले. अख्खी पाटी घे की, कोपऱ्यात काय ठेवलंय, असं सलूनवाला चेष्टेने म्हणाला. तिने ऐकलं नाही. पहिल्या पानावर एकतीस चौकोन बसले, एकतीस वेळा ‘भिकन पेंटर’. नावावर बोट ठेवाल तेव्हाच पाटी उघडेल. आधी नाव, मग अक्षरं.

बत्तिसावा चौकोन देवळाचा. ती पाटी कधीच गेली होती, तिथे आता पुढाऱ्यांच्या तोंडांचा फ्लेक्स होता. म्हणून तिने तो चौकोन आठवणीतल्या त्या पाटीच्या पिवळ्याने कोरा भरला आणि खाली लिहिलं : ‘देवळाची पाटी, २००३. इथे नाव लिहू दिलं नाही.’

ते वाचून लताबाईंचा, तिच्या आईचा, चेहरा उतरला. तू नाशिकला निघून जाशील, गावात आम्हाला राहायचंय, काढ ते. अंजली म्हणाली, आप्पांनी सांगितलं तर काढते.

आप्पांनी लॅपटॉप नाकाजवळ धरला.

“हाऊ पिवळा तो नही,” ते म्हणाले. “जरासा लाल टाक.”

तिने रंगाचा आकडा बदलला. त्यांनी मान हलवली, अजून. तिने पुन्हा बदलला.

“बस.”

लताबाई चुलीकडे वळल्या. अंजलीने वेबसाइट सुरू केली. लिंक आधी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली आणि मग आयुषला पाठवली.