टोलीले निरोप गेला नाही

मी कुंताबाई. आमच्या गावची पोलीस पाटील होती, आता नाही. कोंढा गावाच्या पुढे, तलावाच्या काठी आमचं गाव. तिथले लोक आता मले तोंडावर काही बोलत नाहीत, आणि माझ्या मागंही बोलत नाहीत. माझं नावच घेत नाहीत. तर म्हटलं, माझं मीच सांगतो.

सुरुवात रानडुकरांपासून करावी लागते. धान लोंबीवर आलं का डुकरं येतात आणि एका रातीत धानाची अख्खी बांधी लोळवून टाकतात. रातभर जागलीले बसून बसून माणसं थकली. मंग आमच्या एकोणीस घरांनी ठरवलं, तलावाखालच्या साऱ्या धानाले मिळून एकच तार फिरवायची आणि विजेच्या खांबावर आकडा टाकायचा. हा गुन्हा आहे हे मले माहीत नव्हतं असं नाही. पोलीस पाटलाले नाही माहीत तर कोणाले? पण माझंही दीड एकर त्याच तारेत होतं. माझ्या अंगणातली कपडे वाळवायची तारसुद्धा त्यात गेली. गप बसली मी.

आकडा टाकायची रोज एका घराची बारी. पहिल्या वर्षी कोतवाल दवंडी द्यायचा, गावातही आणि पलीकडच्या बौद्ध टोलीतही: तार सुरू आहे, सकाळी सहापर्यंत तलावाकडे जाऊ नका. मंग श्रावणभाऊ म्हणाले, दवंडीनं बोभाटा होते, साऱ्यांच्या मोबाईलवर टाकत जा. श्रावणभाऊ म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे मोठे भाऊ. ग्रुप मीच बनवला. एकोणीस घरं टाकली. टोलीतल्यांचे नंबर माझ्याजवळ होते, टाकू का म्हणून मी विचारलंही.

"त्यांचं धान आहे का तारेत?" श्रावणभाऊ म्हणाले. "कायले टाकाचे? एखादा ठाण्यात जाऊन सांगीन."

मी म्हटलं, "हो जी." एवढंच. तेवढ्या दोन शब्दांनी माणूस मारला मी. मरायले त्याले दोन वर्षं लागली, ही गोष्ट वेगळी.

मागच्या कार्तिकातली गोष्ट. संध्याकाळी ग्रुपवर चंद्रकुमारनं टाकलं, "आज माझी बारी. तार सुरू." आम्ही साऱ्यांनी खाली अंगठ्याचं चित्र टाकलं. सकाळी साडेपाचले टोलीतला मंगरू डबा घेऊन तलावाकडे निघाला. त्याच्या घरचं संडास कागदावर कधीच बांधून झालं होतं. पाय तारेवर पडला आणि तो जागीच गेला.

मी पोचली तोवर आकडा काढून झाला होता. पाच-सात माणसं उभी होती. मंगरूच्या घोट्यावर काळा वळ, बाजूले पाण्याचा डबा कलंडलेला. दर उन्हाळ्यात हा माणूस माझ्या घरावरचे कवेलू फेरायचा. "पाटलीनबाई, चहात साखर जास्त टाका, वर चढाचं आहे," अशी मस्करी करायचा. श्रावणभाऊनं तो डबा उचलला आणि तलावात दूर फेकला. तारेच्या दुसऱ्या टोकाले रात्री एक डुक्कर मेलं होतं. चौघांनी ते ओढत आणून मंगरूच्या बाजूले टाकलं. बाकीची तार गुंडाळून नेली, वीसेक हात तिथंच ठेवली.

"मंगरू शिकारीसाठी तार लावत होता," श्रावणभाऊ तलावाकडे पाहत म्हणाले. भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोकडे पाहून बोलायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. "पाटलीनबाईनं असंच सांगावं. गाव वाचते."

आणि मी तसंच सांगतलं. पंचनाम्यावर सही केली.

काहून केली, तेही सांगतो. नऊ वर्षांपूर्वी माझा नवरा ऐन कापणीत गेला. तेरवी व्हायच्या आधी याच घरांनी माझं धान कापलं, चुरलं आणि पोत्यात भरून घरात आणून ठेवलं. एक पेंडी वाया जाऊ दिली नाही. तेव्हापासून माझ्या वावरात नांगर श्रावणभाऊच धरायचे, कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. हे लोक माझे नाहीत तर कोण माझं?

पण खोटं बोललेलं तिथंच थांबत नाही ना बाप्पा. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी अतुलले उचललं. मंगरूचा पोरगा, पवनीले मोबाईलच्या दुकानात कामाले. एवढी तार लावायची, एवढं डुक्कर मारायचं, एकट्या माणसाचं काम नाही, सोबत पोरगा असलाच पाहिजे, असं ठाणेदाराचं म्हणणं. आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात हे आलं नव्हतं. मले वाटलं, आता तरी माणसं खरं बोलतील. मंदिरात बैठक बसली आणि भलतंच निघालं. म्हणे, बाप-लेक आधीपासून शिकार करत होते, असा पोलीस पाटलाचा दाखला द्यायचा, शिक्क्यासकट.

"मेलेल्याचं नाव घेतलं, ते पाप झालंच," मी पदर पुढे ओढून, पण मोठ्यानं म्हटलं. "आता जित्या पोराले कायले अडकवता?"

"मंग मी जाऊ का आत? बासष्टाव्या वर्षी?" श्रावणभाऊ भिंतीकडे पाहून म्हणाले. चंद्रकुमार हुंदके देऊन रडू लागला. त्याच्या पोरीचं, शुभांगीचं, लग्न जुळलं होतं. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. मंग श्रावणभाऊ उठले आणि जाता जाता बोलले, "आपले लोक का ते लोक, पाटलीनबाईनं एकदाचं ठरवावं."

मी ठरवत राहिली. दिवसामागून दिवस. पोरगा तिकडे आत, आणि मी इकडे चुलीपुढे बसून ठरवून राहिली! माझाच मले असा संताप येते का काय सांगू. माझी जाऊ उषाबाई, श्रावणभाऊची बायको, रोज यायची, वाटीभर भाजी आणायची, घडीभर बसायची. तिचे डोळे सुजलेले पाहून माझं तोंड उघडायचं नाही.

मंगरूची बायको वच्छला एकदाच आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"पाटलीनबाई, तुमी तं पाहिलं ना जी अतुलच्या बापाले? हातचा डबा बाजूले होता का नव्हता?"

"मी गेली तेव्हा नव्हता वं," मी म्हटलं.

ती "बरं" म्हणाली आणि गेली. पंचनाम्यावरची सही एकवेळ भीतीनं झाली म्हणता येईल. हे खोटं मी तिच्या तोंडाकडे पाहून बोलली.

अतुलले आत अकरावा दिवस होता. उषाबाई दाखला लिहूनच घेऊन आली, मी फक्त सही-शिक्का करायचा होता. 'मयत मंगरू व त्याचा मुलगा अतुल हे सराईत शिकारी असून...' सराईत! मंगरू घरात घूस निघाली तर बायकोले हाक मारायचा. मी शिक्का हातात घेतला, शाईवर टेकवला. आणि मले स्वतःची अशी किळस आली का तो शिक्का मी फेकूनच दिला.

"नाही होत वं, उषाबाई," मी म्हटलं. "माझ्याच्यानं नाही होत."

"कुंता, तुझे पाय धरतो."

तिनं खरंच धरले. मी पाय सोडवले आणि दुपारच्या गाडीनं ठाण्यात गेली. साऱ्यांनी ग्रुप सोडला होता, मेसेज पुसले होते. माझ्या फोनात दोन वर्षांचे सारे होते. मी फोन ठाणेदाराच्या टेबलावर ठेवला.

त्यानं वर-खाली करून वाचलं. "हा ग्रुप कोणी बनवला?"

"मी."

"मयताचा नंबर यात काहून नाही?"

"मीच नाही टाकला, साहेब."

अतुल सुटला. श्रावणभाऊ, चंद्रकुमार आणि मी, तिघंही केसमध्ये. माझं नाव असलंच पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. जामीन झाला, माझं पद गेलं. शुभांगीचं लग्न मोडलं, त्या पोरीनं कोणाचं काय केलं होतं? ती रस्त्यात दिसली का मी दुसऱ्या गल्लीनं जातो. उषाबाई माझ्या दारावरून जाते, पण मान वळवत नाही.

आषाढ आला. आमच्याकडे रोवणा, म्हणजे धानाची लावणी, बायांच्या टोळीनं होते, वीस-वीस जणी एका वावरात उतरतात. माझ्या वावरात एकही आली नाही. नांगर कोणी धरला नाही. दुसऱ्या गावचा ट्रॅक्टरवाला हातापाया पडून आणला, पण रोवणार कोण? पऱ्ह्यातली रोपं पिवळी पडू लागली. मी एकटीच वाकली चिखलात. दिवसभरात एक कोपराही होत नव्हता.

चौथ्या दिवशी वच्छला वावराच्या धुऱ्यावरून जाताना दिसली. खोटं कायले बोलू, मले आशा वाटली. गावानं टाकलं तरी ही येईल, असं मी मनात धरून होती.

"वच्छला, येतं का वं रोवायले?"

ती थांबली. माझ्या पिवळ्या पऱ्ह्याकडे पाहिलं, मंग माझ्याकडे.

"पोराले सोडवलं तुमी, ते मी नाही म्हनत नाही. पन एक सांगा जी. पहिल्याच दिवशी खरं मालूम होतं ना तुमाले?"

"होतं."

"मंग अकरा दिवस काहून लागले?"

खूप खोटं बोलून झालं होतं माझं. "माझे लोक होते वं ते," मी म्हटलं.

वच्छला रागावली नाही. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं तिनं विचारलं, "आन आमी कोन होतो जी?"

मी वाकली आणि हातातलं रोप चिखलात रोवलं. मंग ती आपल्या वाटेनं निघून गेली.