कासव आणि माझ्यात वीतभर पाणी

मित्रांनो, पंखा म्हटलं की तुमची मान आपोआप छताकडे वळते. पण मी वारा घालणारा पंखा नव्हे. मी एक जुना पितळी पंखा आहे, प्रवासी बोटीच्या बुडाखाली, सुकाणूच्या पुढ्यात गरगर फिरणारा. आता माझं एक पातं मोडलं आहे आणि मी धक्क्यावरच्या तिकीटखोलीत भिंतीला टेकून असतो. ते पातं कसं मोडलं, ते तुम्हाला सांगायचं आहे.

एका ओतारीबाबांनी मला वाळूच्या साच्यात ओतलं. थंड झाल्यावर कानशीने घासलं, सळईवर चढवून तोल पाहिला. तिन्ही पाती सारख्या वजनाची निघाली तेव्हाच त्यांनी मला हातावेगळं केलं. मग मी एका भावाबहिणीच्या बोटीला लागलो. इंजिन ताईच्या ताब्यात, चाक धाकट्या भावाच्या. त्याला सगळे तुफान म्हणत. खाडी ओलांडायला इतरांना अर्धा तास लागे, त्याला बावीस मिनिटं. "काय पळते हो बोट!" असं कुणी म्हटलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. पितळच ते, पण चढे.

वाटेत एका ठिकाणी पाणी उथळ होतं आणि तळाशी हिरवं गवत होतं. तिथे समुद्री कासवं चरायला येत आणि मधूनमधून श्वास घ्यायला वर येत. म्हणून तिथे 'हळू चला' असं लिहिलेली पिवळी पिंपं तरंगत ठेवली होती. तुफान त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसे.

"अरे, इथे तरी वेग कमी कर," ताई रोज म्हणे.

"कासवांना कान आहेत, ताई. आवाज ऐकून होतात बाजूला."

एकदा तिथेच माझ्या पात्याला 'धप्प' असं काहीतरी लागलं. "लाकूड असेल," तुफान म्हणाला. ते लाकूड नव्हतं, मित्रांनो. लाकूड कडक असतं. पण मला विचारतो कोण?

माझं पातं मोडलं त्या दिवशी बोटीत सात प्रवासी होते. त्यांत एक म्हातारे शिंपीकाका होते, मांडीवर कापडात गुंडाळलेली कात्री घेऊन बसलेले. वारा जोराचा होता आणि थेट खडकांच्या दिशेने वाहत होता. उशीर झाला म्हणून तुफानने उथळ पाण्यातही वेग कमी केला नाही. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, नजर ठेवायला कुणी नव्हतं. पाण्यात कुणाचं तरी टाकून दिलेलं जाळं तरंगत होतं. सावकाश गेलो असतो, तर ते लांबूनच दिसलं असतं.

मी त्या जाळ्यात घुसलो. दोन फेऱ्या, तीन फेऱ्या, आणि दोऱ्यांनी माझा गळा असा आवळला की इंजिन गुदमरून बंद पडलं. जाळ्याचं दुसरं टोक माझ्याबरोबर ओढलं गेलं होतं. त्यात एक कासव होतं. जिवंत. त्याच्या मानेत आणि पुढच्या पायात दोरे रुतले होते. त्याच्या आणि माझ्या धारेच्या मध्ये वीतभर पाणी होतं. पाठीवरच्या कवचाला शेवाळ लागलेलं, डोळे उघडे. ते वर जायला धडपडत होतं, आणि त्याला धरून ठेवलं होतं मी.

वर आरडाओरडा सुरू झाला. तुफानने नांगर टाकला, पण तो गवतावरून घसरतच राहिला. बोटीचं तोंड नांगराकडे आणि पाठ खडकांकडे झाली. हळूहळू आम्ही मागे जाऊ लागलो.

"उलटा झटका देतो, जाळं सुटेल!" तुफानचा हात किल्लीवर गेला.

ताई मागच्या काठावरून वाकून बघत होती. "थांब! खाली कासव अडकलंय. चिंधड्या होतील त्याच्या."

"आणि खडकावर आपल्या झाल्या तर? सात माणसं आहेत बोटीत!"

मी गारठलो. एक झटका, आणि माझं पातं त्या मानेतून जाणार होतं. मला नाही म्हणता येत नव्हतं.

"झटक्याने जाळं आणखी आवळलं तर काय करशील? मी उतरते. किल्ली काढ आणि माझ्याकडे दे."

"ताई..."

"पंख्याजवळ माणूस असताना किल्ली इंजिनात राहायची नाही. आण इकडे!"

त्याने किल्ली दिली. तिने ती दोरीने गळ्यात अडकवली. सगळ्यांच्या अंगावर तरंगजाकिटं आहेत ना, ते पाहिलं. तिच्याकडे भाजी चिरायची सुरी होती, पण जाळं होतं नायलॉनचं. तेवढ्यात शिंपीकाका उठले. त्यांनी कात्रीवरचं कापड सोडलं. "ही मी सख्ख्या भावाला कधी दिली नाही," ते म्हणाले, "घे, पोरी."

ताईने कमरेला दोर बांधला आणि पाण्यात उतरली. पहिल्या बुडीत चार दोरे कापले. वर जाऊन श्वास घेतला. दुसऱ्या बुडीत कासवाचा पाय सुटला. पण आता ते हलत नव्हतं. वर तुफान आणि दोन प्रवासी बांबूने खडकाला रेटा देऊन बोट लांब ठेवत होते. "अहो, चालू करा ना इंजिन!" कुणीतरी रडवेल्या आवाजात ओरडलं. किल्ली तर माझ्याजवळ होती, ताईच्या गळ्यात.

तिसऱ्या बुडीत तिने मानेवरचा दोरा कापला, कासवाला दोन्ही हातांनी वर ढकललं, आणि माझ्याभोवतीचा शेवटचा वेढा तोडला. तिला वर ओढून घेतात न घेतात तोच बांबू निसटला आणि बोट खडकावर गेली. माझं एक पातं त्यावर आपटलं आणि टोकाशी तुटलं. ती अजून पाण्यात असती, तर मध्ये तीच सापडली असती.

तुफानने किल्ली घेतली, पण लगेच लावली नाही. बांबूने खडक रेटून धरायला सांगून तो आधी पाण्याकडे बघत राहिला. कासव कुठे आहे? चार हातांवर डोकं वर आलं. 'फुस्स' असा श्वास ऐकू आला. दुसरा आला. मग ते लंगड्या पायाने दूर गेलं. तेव्हा कुठे त्याने मला फिरवलं. मोडक्या पात्याने थरथरत, अगदी सावकाश मी सगळ्यांना धक्क्यावर आणलं.

तुफान त्या दिवशी जेवला नाही. "मागे पंख्याला लागलं, ते लाकूड नव्हतं ना, ताई?" एवढंच त्याने विचारलं.

माझ्या जागी नवा पंखा आला. आता पिंपं दिसली की तुफान वेग उतरवतो आणि एका प्रवाशाला नाळेवर नजर ठेवायला बसवतो. कासव दिसलं तर लांबून वळसा घेतो. अगदी जवळ आलं, तर पंखा थांबवून ते जाईपर्यंत वाट बघतो. त्या लंगड्या कासवाचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, तुम्ही कधी बोटीत बसाल. कुणी हळू चालवत असेल, तर त्याला घाई करू नका. जाळं, दोरी, पिशवी पाण्यात टाकू नका, आणि पाण्यावर नजर असू द्या. आम्हा पंख्यांना डोळे असूनही थांबता येत नाही; थांबवणारा हात तुमचा असतो.