सलग वाचते

मुंगीचं बोट ओळीखालून सरकत होतं आणि बाई त्या बोटाकडे बघत होत्या. पहिली ओळ संपली, बोट उचलून दुसरीच्या सुरुवातीला आलं, पुन्हा निघालं. कुठे थांबलं नाही, मागे फिरलं नाही. ओठ हलत होते. पानाच्या शेवटी पूर्णविरामावर बोट टेकलं तशी बाईंनी मान डोलावली, तक्त्यात तिसऱ्या खणात बरोबरची खूण केली आणि पुढच्या मुलाला हात केला.

दुसरीच्या या वर्गाचा आठवडा ठरलेला होता. सोमवारी नवा धडा, मंगळवारी त्यातले नवे शब्द, बुधवारी शुद्धलेखन, गुरुवारी प्रश्नोत्तरं, आणि शुक्रवारी शेवटच्या दोन तासांत वाचन. बाकीची मुलं चित्रं रंगवत बसायची आणि एकेकाने बाईंच्या टेबलाशी येऊन, ओळीखाली बोट ठेवून, आठवड्याचं पान वाचून दाखवायचं. तक्त्यात तीन खण होते: अडखळत, सावकाश, सलग. घरी जाताना प्रत्येकाच्या हातात तशी चिठ्ठी मिळे. मुंगी वर्गात सगळ्यांत लहान चणीची. दप्तर मात्र तिच्याएवढंच, म्हणून ते नाव पडलेलं. तिच्या चिठ्ठीवर गेले अकरा आठवडे ‘सलग वाचते’ असं बाईंच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं.

बोट ठेवण्याचा नियम बाईंनीच काढला होता. उभं राहून, माझ्याकडे तोंड करून, सावकाश बोलायचं, हा नियमही त्यांचाच. त्यांच्या वर्गाच्या शिस्तीचं शाळेत कौतुक होतं. मोठ्या बाई नव्या शिक्षकांना त्यांचा वर्ग दाखवायला आणत. कौतुक ऐकून बाई संकोचत, आणि ते संकोचणं लोकांना विनय वाटे. खरी गोष्ट अशी होती की बाईंना मुलांचे आवाज ऐकू येत नव्हते.

डावा कान केव्हाच गेला होता. उजवा गेल्या दोन वर्षांत हळूहळू चालला होता, आणि जाताना त्याने आधी बारीक आवाज नेले. जाड, भरदार आवाज जवळून बोलला, आजूबाजूला शांतता असली, तर अजून कळायचा. पण सात वर्षांच्या मुलांचे आवाज म्हणजे ओठांची हालचाल तेवढी उरली होती. पुस्तक बाईंना पाठ होतं. सव्वीस वर्षं तीच पानं. बोट जिथे अडे तिथे मूल अडलं, बोट घसरलं तिथे शब्द गाळला, असा त्यांचा हिशेब, आणि तो बहुतेक बरोबर येई. डॉक्टरांनी दोन्ही कानांना यंत्र सांगितलं होतं. ‘सुट्टीत बघू,’ असं म्हणत बाईंनी दोन सुट्ट्या काढल्या. निवृत्तीला चार वर्षं होती. दृष्टी अधू झालेल्या चित्रकलेच्या सरांना शाळेने भांडारात बसवलं होतं, खडू नि डस्टर देणं-घेणं करायला. यंत्र लावून शाळेत जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं.

शाळा सुटली, वर्ग रिकामा झाला, तेव्हा मुंगीचे वडील दारात उभे होते. खुर्च्या-कोचांना नवं कापड चढवून देण्याचं त्यांचं दुकान होतं. अंगातल्या सदऱ्याला काथ्याचे धागे चिकटलेले. मुंगीला त्यांनी बाहेर व्हरांड्यातच बसवलं आणि स्वतः दुसरीच्या बुटक्या बाकावर, गुडघे छातीशी घेऊन बसले. त्यांचा आवाज जाड होता. बाईंना बरं वाटलं.

ते म्हणाले, पोर घरी एक अक्षर वाचत नाही. दुकानाच्या पाट्या नाही, बिस्किटाच्या पुड्यावरचं नाव नाही. चिठ्ठीवर तर सलग लिहून येतं. मग घरीच का नाही? आईवेगळी पोर, लाडावली असेल, असं आधी वाटलं. पण आता हा हट्टच झाला म्हणायचा. समजावून झालं, रागावून झालं.

“रविवारी हात उठला माझा तिच्यावर,” ते म्हणाले. “कधी नव्हे ते. म्हटलं, शाळेत येतं नि बापासमोर येत नाही, ही काय तऱ्हा? म्हणून विचारायला आलो. वाचते ना ती, बाई?”

बाईंनी उठून तक्ता भिंतीवरून काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. मुंगीच्या ओळीत तिसऱ्या खणात अकरा खुणा होत्या, एकाखाली एक. वडिलांनी त्यांवरून अंगठा फिरवला. त्यांचा चेहरा आधी मोकळा झाला आणि मग कडक झाला. ते दोन्ही बदल बाईंनी पाहिले.

“म्हणजे मुद्दामच करते,” ते म्हणाले, वेळ घेतल्याबद्दल माफी मागून उठले आणि व्हरांड्यात जाऊन मुंगीचा हात धरून तिला घेऊन गेले. फाटकापर्यंत मुंगी दोनदा मागे वळली.

शनिवार-रविवार बाईंचं कशात लक्ष लागलं नाही. भाजी दोनदा लागली. नवऱ्याने काही विचारलं की त्या आधी दचकत आणि मग भलतंच उत्तर देत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. मुंगीचं ते बोट सारखं डोळ्यांपुढे येत होतं. सव्वीस वर्षांत इतकं सरळ चालणारं बोट त्यांनी पाहिलं नव्हतं. चांगली वाचणारी मुलंही जोडाक्षराशी क्षणभर थबकतात. मुंगीचं बोट घड्याळाच्या काट्यासारखं एका चालीने जायचं, आणि त्याच चालीवर त्या खूश होत्या.

सोमवारी मधल्या सुट्टीत त्यांनी मुंगीला थांबवून घेतलं, दार लोटलं आणि कपाटातून दुसरंच पुस्तक काढलं, चौथीचं. मधलं एक पान उघडून तिच्यापुढे ठेवलं. ते पान त्यांनाही पाठ नव्हतं.

मुंगीने पानाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि बोट ठेवलं. बोट निघालं. ‘दुर्भिक्ष्य’ आलं, गेलं. ‘महत्त्वाकांक्षा’ आली, गेली. ओठ हलत राहिले. बाईंनी उजवा कान तिच्या तोंडाशी नेला. काही नाही. पण काही नाही म्हणजे काय? पोरगी गप्प आहे, की आपणच बहिऱ्या आहोत? जगात दुसऱ्या कुणालाही हा प्रश्न पडला नसता. बाईंना तो पडला.

मग त्यांनी एक गोष्ट केली. स्वतःच्या गळ्याला दोन बोटं लावली आणि ‘आ’ म्हटलं. बोटांना थरथर लागली. “अशी तुझ्या गळ्याला लावू?” त्यांनी विचारलं. मुंगीने होकाराची मान हलवली. बाईंनी बोटं तिच्या गळ्यावर अलगद टेकवली आणि पुढे वाच म्हणून खूण केली.

ओठ हलले. बोट सरकलं. गळा स्वस्थ होता.

बाईंनी हात मागे घेतला. वर्गात त्या दोघीच होत्या आणि बाहेर पोरं खेळत असणार, पण त्यातलंही काही बाईंपर्यंत येत नव्हतं. त्यांनी मुंगीची हनुवटी वर केली, तिचं तोंड आपल्याला दिसेल अशी.

“कधीपासून?”

“जिराफाच्या धड्यापासून,” मुंगी म्हणाली. तिचं बोलणं बाईंना नीट कळलं. ती मुद्दाम सावकाश, ओठ मोठे करून बोलत होती, आणि हे ती नेहमीच करते हेही बाईंच्या आताच लक्षात आलं. “मला भीती वाटली म्हणून आवाजच आला नाही. तरी तुम्ही सलग लिहिलं.”

“मग सांगायचं नाहीस का मला?”

मुंगी थोडा वेळ टेबलाच्या कडेवरचा खडूचा चुरा बोटाने गोळा करत राहिली. मग वर बघून म्हणाली, “सांगितलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं ना.”

“काय कळलं असतं?”

मुंगीने स्वतःच्या कानाला हात लावला. आणि लगेच, प्रामाणिकपणे, पुढे जोडलं, “आणि मला सलग पण मिळत होतं.”

बाईंना हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं, आणि दोन्ही त्यांनी पदराने पुसलं. लाज वाटत होती, साधी नव्हे, जिवाला लागणारी. सात वर्षांची पोर आपलं झाकून घेते आहे आणि आपण तिच्या वाचनावर शेरे मारतो आहोत. त्यांनी विचारलं, घरी हे का नाही सांगितलंस. मुंगीने खांदे उडवले. बाबांना सांगून झालं होतं की येत नाही. बाबा म्हणाले, चिठ्ठी खोटं बोलते का?

दुपारभर बाई वर्गात होत्या आणि नव्हत्या. नवा धडा त्यांनी फळ्यावर लिहिला, मुलांनी उतरवून घेतला. एक वाट सोपी होती. मुंगीला रोज मधल्या सुट्टीत बसवायचं, गळ्याला बोटं लावून शिकवायचं, परीक्षेपर्यंत पोरगी खरंच वाचू लागेल. या कानाचं त्या कानाला कळणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे त्यांनी तीनदा मनाशी पक्कं केलं, आणि तीनही वेळा मुंगीच्या वडिलांचा तो अंगठा आठवला, खुणांवरून फिरणारा. परीक्षेआधी येता रविवार होताच, आणि त्या बापाचा हात.

शाळा सुटल्यावर त्या मोठ्या बाईंच्या खोलीपर्यंत गेल्या. दार उघडं होतं, आत दिवा होता. तिथे त्या उभ्या राहिल्या आणि परत फिरल्या. आधी दुकानात जायचं, असं त्यांनी ठरवलं. तिथे एकदा बोलून बसलं की इथे बोलावंच लागेल. स्वतःला त्या तेवढं ओळखत होत्या.

दुकान रस्त्याला लागून होतं. गाड्यांच्या घरघरीने बाईंच्या उजव्या कानात नुसता गाळ झाला. आत एक खुर्ची पालथी घातलेली, तिच्या पोटातून स्प्रिंगा बाहेर आलेल्या. मुंगीचे वडील गुडघ्यावर बसून कापडाची कड ताणून ठोकत होते. ओठांत खिळ्यांची ओळ धरलेली. एक खिळा ओठातून काढायचा, ठेवायचा, हातोडीचा एक ठोका, की पुढचा. मुंगी काथ्याच्या ढिगाऱ्यावर पुस्तक उघडं ठेवून बसली होती. बाईंना बघून ती उभी राहिली.

वडीलही उठायला लागले. बाईंनी हातानेच बसा म्हटलं, कारण ते उभे राहिले असते तर आपल्याला बोलता आलं नसतं असं त्यांना वाटलं. एक स्टूल होतं, त्यावरही त्या बसल्या नाहीत.

“ती वाचत नव्हती,” बाई म्हणाल्या. “तुम्ही म्हणालात ते खरं. अकरा आठवडे ती नुसते ओठ हलवत होती, आणि मी सलग लिहीत होते. मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. मुलांचं तर मुळीच येत नाही. मी कुणाला सांगितलं नाही. तक्ता मी बोटाकडे बघून भरते.”

आपला आवाज किती मोठा निघतो आहे ते त्यांना कळत नव्हतं. शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला, त्यावरून मोठा असावा. त्या थांबल्या नाहीत. उद्यापासून मुंगीला मधल्या सुट्टीत मी शिकवीन, त्यांनी सांगितलं. शुक्रवारचं वाचन शेजारच्या वर्गाच्या बाईंनी ऐकावं, असं मोठ्या बाईंना उद्या सकाळी सांगणार आहे, मग त्या माझं काय करायचं ते करोत. पोरीचा हट्ट नाही. तिला येत नाही, एवढंच आहे, आणि येईल.

हातोडी थांबली होती. मुंगीचे वडील कापडाच्या कडेकडे बघत होते. मग खाली मान घालूनच, ओठांत खिळे तसेच धरून, ते काहीतरी बोलले. एकच वाक्य असावं. बाईंनी उजवा कान पुढे केला. रस्त्यावरून ट्रक गेला. आणि मग, जे त्या दोन वर्षं करत आल्या होत्या, स्टाफरूममध्ये, बाजारात, लग्नाकार्यात, नवऱ्यासमोर, तेच त्यांनी आताही केलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “हो, हो.”

वडिलांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून बाईंचं हसू जागच्या जागी राहिलं.

मुंगीने पुढे होऊन वडिलांचा सदरा ओढला.

“बाबा, खिळे काढ ना तोंडातून,” ती म्हणाली. “बाईंकडे बघून बोल. त्यांना तोंड दिसलं पाहिजे.”

त्यांनी एकेक खिळा काढून तळहातावर घेतला. पाच होते. ते खुर्चीच्या पायाशी ठेवले, सदऱ्याला हात पुसले, बाईंच्या समोर उभे राहिले आणि मुंगी बोलते तसं सावकाश, ओठ मोठे करून पुन्हा म्हणाले,

“मी म्हटलं, म्हणजे मी तिला उगाच मारलं.”

“हो,” बाई म्हणाल्या. या वेळी त्या हसल्या नाहीत.