आधी टोकाला

दारात भाड्याची गाडी उभी होती. चादर, जाड मोजे आणि चष्म्याचं घर भरलेली पिशवी खांद्याला लावून नात तयार होती, आणि आबा मात्र बनियनवर खुर्चीत बसून निवांत पेपर वाचत होते.

"आबा, शर्ट घाला. गाडी आलीये."

"परत पाठव," पेपरातून डोकं वर न काढता आबा म्हणाले. "आज मी येत नाही."

"बरं वाटत नाहीये का?"

"उत्तम वाटतंय. आज नाही, उद्या नाही, यापुढे मी त्या मशीनवर जाणार नाही. संपला विषय."

नातीला आधी ही थट्टाच वाटली. तिला सगळी गल्ली बालिस्टर म्हणायची. चार वर्षांची असताना झोपायची वेळ पुढे ढकलायला तिने आबांशी असा काही वाद घातला होता, की आबाच थकून आधी झोपी गेले आणि सकाळी उठल्या उठल्या त्यांनी तिला हे नाव ठेवलं. आता ती कॉलेजात होती आणि वक्तृत्वाच्या स्पर्धांत भल्याभल्यांना पाणी पाजत होती. कुठे युद्ध पेटलंय, कुठला समुद्र तापलाय, कुठल्या देशात बायकांना पाण्यासाठी किती चालावं लागतं, विचारायचा अवकाश, उत्तर तयार. चुकीचं ती कधी बोलायची नाही आणि बरोबर असलेलं कधी पोटात ठेवायची नाही. यातली दुसरी सवयच आज अंगाशी येणार होती.

आबांच्या मूत्रपिंडांनी दोन वर्षांपूर्वी संप पुकारला होता. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जायचं, हाताला सुया लावून चार तास पडून राहायचं आणि मशीनमधून रक्त धुऊन घ्यायचं. आई सकाळी बेकरीत कामाला, बाबा परगावी, म्हणून आबांना न्यायचं-आणायचं काम बालिस्टरकडे. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगून ठेवलं होतं, की एक खेप चुकली तर पाणी अंगात साठेल, पायांवरून छातीत चढेल आणि श्वास लागेल. दोन चुकल्या तर माझ्याकडून कसलीही खात्री धरू नका.

त्यामुळे आबांनी पेपरचं पान शांतपणे उलटलं तेव्हा ही थट्टा नाही हे तिला कळलं, आणि आदली संध्याकाळ आठवली.

आदल्या संध्याकाळी भाषणाची तालीम होती. मोठी स्पर्धा तोंडावर आलेली, विषय 'पाण्याचा वाटा'. आबा नेहमीप्रमाणे हातातलं घड्याळ काढून वेळ लावायला बसले होते. विषय त्यांच्या अगदी घरचा. सगळी नोकरी त्यांनी पाणीपुरवठ्यात काढली होती आणि काम एकच, पाणी सोडायचं. पहाटे लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचं, रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत घालून फिरवायची, की त्या गल्लीच्या नळांना पाणी. मग घड्याळ बघून बंद करायची आणि पुढची गल्ली गाठायची. सुरुवात मात्र कायम शेवटच्या टोकाच्या गल्लीपासून. तिथे पोचेपर्यंत पाण्यात दम उरत नाही, म्हणून तिची चावी आधी उघडायची आणि जास्त वेळ उघडी ठेवायची. टाकीजवळचे लोक कुरकुरायचे. आबा त्यांना दोनच शब्द ऐकवायचे, "आधी टोकाला." त्यांची सख्खी बहीणही टाकीच्या पायथ्याशीच राहायची. तिच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा तिने जरा जास्त वेळ पाणी सोड म्हणून निरोप धाडला. आबांनी सोडलं नाही. लग्नात ते दिवसभर पाहुण्यांना पाणी देत हिंडले, तरी बहीण पुढे कितीतरी वर्षं त्यांच्याशी बोलली नाही.

अशा माणसासमोर उभं राहून बालिस्टरने दणक्यात शेवट केला होता. जो वाट्याहून जास्त घेतो, तो न दिसणाऱ्या कुणाच्या तरी हातातला पेला काढून घेतो. आबांनी मान डोलावली. वाक्य चांगलं आहे म्हणाले. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "आमच्या त्या मशीनला किती पाणी लागतं गं?"

आणि बालिस्टरने सांगून टाकलं. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न आल्यासारखं सांगितलं. एका खेपेला शंभराच्या वर लिटर, शिवाय ते शुद्ध करताना जवळपास तेवढंच गटारात. कुणी विचारलं नव्हतं तरी पुढे जोडून दिलं, की दुष्काळी छावणीतल्या एका माणसाला एवढं पाणी कितीतरी दिवस पुरेल. आबांना स्वतःला दिवसाकाठी प्यायला मोजून चार कप पाणी होतं, तेही सून ओतून द्यायची. ते नुसते "हं" म्हणाले आणि घड्याळ पुन्हा हातात घालायचं विसरून आत निघून गेले. बालिस्टरला वाटलं, दमले असतील. ती आरशासमोर हातवारे घोटत राहिली.

"काल जे सांगितलंस, ते खरं की खोटं?" आता आबांनी पेपर खाली ठेवला होता.

"आबा, ते भाषण होतं."

"खरं की खोटं, एवढंच सांग."

खोटं हा एक शब्द उच्चारला असता तर शर्ट अंगावर चढला असता. तिने तोंड उघडलंही, पण तो शब्द काही बाहेर पडेना.

"खरं," ती म्हणाली.

"मग झालं तर. जन्मभर लोकांच्या पाण्याला चावी लावली. आता म्हातारपणी एकट्याने अख्ख्या गल्लीचं पाणी संपवायचं? माझ्याच्याने नाही होणार ते."

मग बालिस्टरने होतं नव्हतं ते सगळं पणाला लावलं. कारखान्यांना किती पाणी लागतं ते सांगितलं, श्रीमंतांच्या पोहण्याच्या तलावांचं सांगितलं. आबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, दुसरा चोर मोठा आहे म्हणून मी लहान चोर चालतो का? हेही वाक्य तिच्याच भाषणातलं होतं. शेवटी ती रडली. स्पर्धेसाठी घोटलेलं रडणं नव्हतं ते, नाक गळेपर्यंत रडली आणि म्हणाली, मला तुम्ही हवे आहात, बस. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, रडू नको म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवून वाजवून कंटाळला.

तिने आईला फोन केला, शेजारच्या काकूंना आबांजवळ बसवलं आणि त्याच गाडीने एकटीच दवाखाना गाठला. मशीन सांभाळणारा जो माणूस होता, त्याला सगळे दादा म्हणायचे. दादाने ऐकून घेतलं. उपदेश वगैरे केला नाही. संध्याकाळच्या पाळीत एक कॉट रिकामी आहे, तेवढी धरून ठेवतो, पण त्यापुढे माझ्या हातात काही नाही, म्हणाला.

"दादा, ते वाया जाणारं पाणी कुठे जातं?"

दादा तिला इमारतीच्या मागे घेऊन गेला. भिंतीतून बाहेर आलेल्या पाइपातून नितळ पाणी गटारात पडत होतं. हे मशीनपर्यंत पोचलेलंच नाही, कुणाच्या अंगाला लागलेलं नाही, गाळताना मागे राहिलेलं आहे, त्याने समजावलं. जरा खारट, पिण्याजोगं नाही, पण बाकी त्याला काही झालेलं नाही. बालिस्टर ते बघत राहिली. मग परत निघाली ती दवाखान्याच्या पार शेवटच्या वॉर्डावरून. तिथल्या संडासाच्या दारावर पाटी लटकत होती, 'पाणी नाही, बादली सोबत आणावी.' एक म्हातारी हातात बादली घेऊन भिंतीच्या आधाराने त्या दाराकडे चालली होती. बालिस्टरने तिच्या हातातली बादली घेतली आणि पोचवून दिली. आणि तिथेच, दाराबाहेर उभी असताना, काल आकडा सांगताना आपण त्यापुढचं काय गाळलं हे तिच्या ध्यानात आलं.

ती घरी पोचली तेव्हा दुपार कलली होती. आबा तीन उशांना टेकून बसले होते. सकाळीच सुजलेले पाय आता इतके फुगले होते की चपला जात नव्हत्या. बोलताना शब्दाशब्दाला थांबत होते. आई बेकरीतून तशीच आली होती, केसांना पीठ लागलेलं.

बालिस्टर आबांच्या पायाशी बसली. आवाज चढवला नाही, हात हलवले नाहीत.

"आबा, टोकाच्या गल्लीला तुम्ही जास्त वेळ का द्यायचात?"

"ठाऊक आहे की... तुला. तिथे दाब नसतो."

"मग ती चोरी होती का?"

"चोरी कसली? तेवढ्या वेळाशिवाय... त्यांची बादली भरत नाही."

"मग तुमच्या त्या मशीनच्या खोलीत चार माणसं पडलेली असतात, ती कुठल्या गल्लीतली?"

आबांचे डोळे मिटलेले होते, ते उघडले.

"काल मी आकडा सांगितला आणि तिथेच थांबले," ती म्हणाली. "सगळ्यांना सारखं नाही, ज्याला लागतं त्याला लागतं तेवढं, हे तुमच्याकडूनच शिकले होते. तेच सांगायचं राहिलं. चुकले मी."

"आणि गटारात... जातं ते?"

"ती गळती आहे. आज बघून आलेय. चांगलं पाणी आहे, आणि तिकडे शेवटच्या वॉर्डात संडासाला थेंब नाही. मधे फक्त पाइप नाहीये. गळती दिसल्यावर तुम्ही कधी पेपर वाचत बसलायत?"

आबा उशांवरून जरा वर सरकले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मग त्यांनी विचारलं, "पाइप... केवढ्या जाडीचा आहे?"

आई उठली आणि आबांचा शर्ट घेऊन आली.

पाइपाचं काम काही त्या आठवड्यात झालं नाही. दवाखान्याच्या मुख्य साहेबांनी आधी नाही म्हटलं, मग बघू म्हटलं, मग बालिस्टर रोज येऊन बसते हे बघून हात टेकले. आबांचा जुना सहकारी प्लंबर आपली पोरं घेऊन आला. मागच्या अंगणात टाकी बसली, टाकीतून शेवटच्या वॉर्डापर्यंत आणि तिथून मागे येत येत बाकीच्या संडासांपर्यंत पाइप गेला. आबा कॉटवर पडल्या पडल्या खिडकीतून सूचना द्यायचे आणि प्लंबर "हो साहेब" म्हणत आपल्याला हवं तसंच करायचा. टाकीखालच्या पाइपावर पाणी सोडायला नि बंद करायला फिरवायची दोन चाकं बसवली, एक टोकाच्या वॉर्डाचं, एक बाकीच्यांचं. ती फिरवायचं काम आबांनी दुसऱ्या कुणाला दिलं नाही. मशीनवरून उठले की हाताला पट्टी तशीच, नातीच्या खांद्यावर भार टाकून अंगणात जायचे, आधी टोकाचं चाक फिरवायचे आणि घड्याळ बघत उभे राहायचे. पहिल्या दिवशी शेवटच्या वॉर्डातून कुणीतरी ओरडून पाणी आल्याचं सांगितलं. आबांनी नुसती मान हलवली, पण घरी येईपर्यंत गाडीवाल्याशी अखंड बोलत होते.

स्पर्धेत बालिस्टरला काहीच मिळालं नाही. तिने भाषण नव्याने लिहिलं होतं, पेल्याचं वाक्य काढून टाकलं होतं. परीक्षकांचं म्हणणं पडलं की विषय जागतिक होता आणि भाषणात संडास फार आले. आबांना हे इतकं आवडलं की भेटेल त्याला ते सांगत सुटले. बालिस्टरलाही वाईट वाटलं नाही. आयुष्यातलं आपलं सगळ्यात चांगलं भाषण आबांच्या पायाशी बसून झालेलं आहे, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

आबा त्यानंतर वर्षभर होते. एकही खेप चुकवली नाही. गेले ते झोपेत गेले, आणि त्यांचं घड्याळ तिने आपल्या हातात घातलं.

टाकीची चाकं आता झाडूवाल्या मावशी फिरवायच्या, त्यात अडण्यासारखं काही नव्हतं. तरी आबांच्या ठरलेल्या दिवशी बालिस्टर जायची. अशीच एकदा गेली तेव्हा आबांच्या कॉटवर नवा माणूस आलेला होता. शिंपी होता. बोटं सतत चादरीची कड चाचपत होती. त्याची ही पहिलीच खेप होती. दादा सुया तयार करत होता आणि शिंपीकाकांची नजर खिडकीबाहेर, टाकीत पडणाऱ्या धारेवर खिळली होती.

"एका माणसासाठी एवढं पाणी?" त्यांनी तिला विचारलं. "किती लागतं हो याला?"

आकडा तिला तोंडपाठ होता. तिने वाकून त्यांची चादर पायांवर सारखी केली.

"लागतं तेवढं, काका," ती म्हणाली.

शिंपीकाकांनी तिच्याकडे पाहिलं, मग चादर सोडली आणि हात सरळ करून दादासमोर ठेवला. बालिस्टर अंगणात गेली, टोकाचं चाक फिरवलं आणि घड्याळ बघत उभी राहिली.